माळ्यावरच्या चिठ्ठ्या

दर महिन्याच्या दहा तारखेला सुपरवायझर अनिल दवाखान्याच्या मागच्या दाराशी येई आणि हाक मारी, "चला प्रभामावशी, बँकेत जाऊन येऊ."

बँक म्हणजे बाजारपेठेतलं एटीएम. अनिलच्या हातात निळ्या झाकणाचा चपटा डबा असे, पोरं शाळेत नेतात तसला. त्यात बावीस कार्डं. शहापूर तालुक्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या बावीस जणांची. कामावर घेतानाच कंत्राटदाराची माणसं खातं उघडून देत आणि कार्ड आपल्याकडे ठेवून घेत. पिन नंबर सगळ्यांचा एकच टाकलेला, अनिलला लक्षात ठेवायला सोपा.

रत्नप्रभाला बरोबर न्यायचं कारण एवढंच, की तिला वाचता येत होतं. शेणव्याच्या शाळेत ती आठवीपर्यंत शिकली होती. बापाने शेतावर मजुरी करून शिकवलं होतं आणि अक्षर वळणदार काढलं नाही तर तो जेवायला बसू द्यायचा नाही. त्या शिक्षणाचा उपयोग आता असा होत होता: कार्डावरचं नाव वाचायचं, कार्ड अनिलच्या हातात द्यायचं, तो पैसे काढी तोवर पुढचं नाव वाचायचं. खात्यात माणशी चौदा हजार येत. परत आल्यावर पाण्याच्या टाकीमागे अनिल प्रत्येकाच्या हातावर साडेसहा ठेवी. बाकीचे वरच्या शेठचे. कुणी विचारत नसे. विचारणाऱ्या एकीला पुढच्या महिन्यापासून 'काम नाही' झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर एक काचेची पाटी लागली. कंत्राटी कामगारांचा किमान पगार किती, तो कमी मिळाल्यास तक्रार कुठे करायची, असं तिच्यावर छापलेलं. पाटी पुसायचं काम रत्नप्रभाकडे आलं. रोज सकाळी ओल्या फडक्याखालून तो आकडा वर येई आणि रोज ती तो वाची. न वाचता पुसता आला असता. पण डोळ्यांना वाचायचं वळण लागलं की ते मोडत नाही.

त्या महिन्यात एटीएमच्या खोलीत अनिलने पैसे काढल्यावर यंत्रातून निघालेल्या चिठ्ठ्या चुरगाळून खाली टाकल्या आणि हसत म्हणाला, "उचला मावशी, झाडलोट तुमच्याच खात्यात येते ना?" तिने उचलल्या. टोपलीत मात्र टाकल्या नाहीत, पदराच्या गाठीला बांधल्या. पुढच्या महिन्यातही तेच. तीन वर्षं.

ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली. धोंडीबाईला. धोंडीबाई मुरबाडकडची, धसईच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. नवरा गेल्यावर शहापुरात एका खोलीत भाड्याने राहत होती. प्रसूतीच्या वॉर्डात दोघी अकरा वर्षं बरोबर. धोंडीबाई फरशी पुसायची, रत्नप्रभा खाटा आणि मोऱ्या. दुपारी जिन्याखाली बसून दोघी एका डब्यात जेवत. रत्नप्रभाच्या बाजूचं कालवण, धोंडीबाईच्या बाजूची नाचणीची भाकर.

"येडी हायस तू," धोंडीबाई म्हणाली होती. "कागूद साठवून काय पापड करणार? अर्धी भाकर, पन रोजची हाय. ती पन जाईल."

"तुझं काम जाणार नाय आक्का. माझा शब्द हाय."

"तुजा शब्द काय शेठच्या दुकानात चालतो व्हय गो?" असं म्हणून धोंडीबाई पोट धरून हसली होती.

रत्नप्रभाने अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. बापाला आवडेल अशा अक्षरात. आठ महिन्यांनी कामगार खात्याकडून संजीवनी मॅडम चौकशीला आल्या. दवाखान्याच्या सभेच्या खोलीत टेबल मांडलं. भिंतीला टेकून बावीस जण उभे राहिले. दारात अनिल, बाजूला कंत्राटदाराचा वकील.

मॅडम बोलायला कडक नव्हत्या. म्हणाल्या, "पगार खात्यात पूर्ण जमा झालेला दिसतोय. काढलाही तुमच्याच कार्डाने. दुसऱ्याने काढला, याला काही पुरावा आहे?"

"हाय," रत्नप्रभा म्हणाली.

पुरावा पिशवीत होता. आदल्या संध्याकाळी तिने तो चुलीवरच्या माळ्यावरून काढला होता. तिच्या घरी जपायची वस्तू तिथेच ठेवतात. वालाचं बी, काकडीचं बी, भोपळ्याचं बी. धुरामुळे कीड लागत नाही, पावसाळ्यात ओल धरत नाही. आईने तसंच केलं, आजीनेही. अर्ज दिला त्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्यांची पुरचुंडी तिने फडक्यात घट्ट बांधून त्याच बियांच्या डब्यात ठेवली होती. काढताना गाठ सोडून पाहिलीसुद्धा नव्हती. बियांची पुरचुंडी पेरणीच्या आधी कोण सोडतं?

टेबलावर तिने गाठ सोडली. आत चिठ्ठ्या होत्या, सगळ्या होत्या. पण त्या काळ्या पडल्या होत्या. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या. वेळ, तारीख, आकडा, एक अक्षर दिसत नव्हतं. मॅडमनी एक चिठ्ठी खिडकीकडे धरली, उलटी केली, परत खाली ठेवली.

"उष्णता लागली की हा कागद काळा होतो, बाई," त्या हळूच म्हणाल्या.

"काय मावशी, भाजून आणल्या का?" दारातून अनिल म्हणाला. वकील हसला. भिंतीशी उभ्या असलेल्यांपैकीही एक-दोघं हसली. भीतीने हसतात तसं.

रत्नप्रभाने हात मागे घेतला. बोटांना काजळी लागली असेल असं वाटून तिने ती पदराला पुसली. काजळी नव्हती.

मॅडमनी कागद पुढे ओढला. "तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मला बँकेची कागदपत्रं मागवता येणार नाहीत. आणखी एक तरी जबाब पाहिजे. बोला, कोण देतं?"

खोलीत पंखा फिरत होता. माणसं फरशीकडे बघत होती. रोज पुसलेली, ओळखीची फरशी. रत्नप्रभाने कुणाकडेच पाहिलं नाही. विशेषतः धोंडीबाईकडे नाही. तिला शब्द दिलेला होता.

मग चपला फरपटल्याचा आवाज आला. "घ्या माजा," धोंडीबाई म्हणाली. "मला सही येत नाय. आंगठा चालंल का?"

"आक्का, तू नको."

"गप ऱ्हा गो. एकटीला भाजून काडतील तुला बी."

अंगठा उमटला. बँकेचे कागद आले. बावीस खात्यांतून एकाच यंत्रावर, एकामागून एक, मिनिटाच्या अंतराने पैसे निघालेले, तेसुद्धा छत्तीस महिने. हिवाळा सरता सरता हुकूम निघाला. त्या कंत्राटदाराला तीन वर्षं कोणतंही सरकारी काम घ्यायला मनाई. बुडालेल्या पगाराचं प्रकरण वेगळं चालेल. हुकमाची प्रत काचेच्या पाटीशेजारी लागली. त्या दिवशी जिन्याखाली धोंडीबाईने ती रत्नप्रभाकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा आपलं नाव आल्यावर म्हणाली, "परत वाच. तेवढंच."

नवा कंत्राटदार एक तारखेला आला. त्याचा सुपरवायझर म्हणून दारात उभा राहिला तो अनिलच. नवा शर्ट, गळ्यात नवं ओळखपत्र. कार्डं त्याने कुणाकडे मागितली नाहीत. मॅडमचं लक्ष होतं. पगार पूर्ण मिळणार होता. फक्त नव्या कंत्राटात अट होती: कामगार पन्नाशीच्या आतला हवा आणि हजेरीवर सही करता यायला हवी.

"मी काय करू? वरून आलंय," अनिल म्हणाला आणि त्याने कामावर ठेवलेल्यांची यादी वाचली. एकवीस नावं. रत्नप्रभाचं पहिलं, धोंडीबाईचं कुठेच नाही.

ती सरळ संजीवनी मॅडमच्या कचेरीत गेली. मॅडमनी ऐकून घेतलं, कंत्राटाचा कागद मागवून वाचला आणि बराच वेळ मिटला नाही. "ही अट बेकायदेशीर म्हणता येत नाही, बाई. मी लिहून पाहते." त्यांनी लिहिलंही. उत्तर आलं नाही.

धोंडीबाईने खोली सोडली आणि ती भावाकडे पाड्यावर परत गेली.

पुढची भातकापणी उरकल्यावर रत्नप्रभा गेली तिला भेटायला. मुरबाडला गाडी बदलून धसईला उतरली, तिथून तासभर चढ. धोंडीबाई खळ्यात बसून सुपाने भात पाखडत होती. वाळली होती. पायाची सूज मात्र उतरली होती, फिनेलच्या पाण्यात उभं राहणं नव्हतं म्हणून.

"आलीस? बस. भाऊजय च्या टाकंल."

रत्नप्रभाने पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले. पगारातले निम्मे.

धोंडीबाईने सूप थांबवून पैसे पाहिले. मग म्हणाली, "म्हंजे तू परत अर्ध्यावर आलीस. मंग मी आंगठा कशापायी दिला गो?"

तिने पैसे घेतले नाहीत. रत्नप्रभाला रडू आलं. ते धोंडीबाईने पाहिलं नाही, किंवा पाहिल्याचं दाखवलं नाही. सूप पुन्हा चालू झालं.

"माझा शब्द गेला, आक्का."

"गेला तर गेला. काम गेलं, शब्द गेला, दोगं संगतीनं गेले. एकटं कोन नाय." थोड्या वेळाने ती आत गेली आणि वालाचं बी बांधलेलं फडकं घेऊन आली. "हे ने. हे मातर चुलीवरच ठेव, बरं का."

दोघी हसल्या. हसता हसता थांबल्या.

निघताना धोंडीबाई बांधापर्यंत आली. "प्रभे, माज्या जागी कोन हाय आता?"

"नवी पोर हाय. बरी हाय."

"पाच नंबरच्या खाटंखाली भिताडाकडला कोपरा हाय. तितं फडकं पोचत नाय. गुडघ्यावर बसून हातानं पुसाया लागतं. तितंच बाळंतिणीचं सांडलेलं जातं. पुसती का ती?"

"पुसते," रत्नप्रभा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीवर सही करून ती वॉर्डात आली. नव्या पोरीची फरशी पुसून झाली होती. पाच नंबरची खाट रिकामी होती. रत्नप्रभाने पदर खोचला, गुडघे टेकले आणि ओलं फडकं मुठीत धरून आत हात घातला. कोपरा चिकट लागला. किती दिवसांचा होता कोण जाणे. तिने तो पुसला, फडकं पिळलं, परत पुसला.