चाळीस पावलं मागे

आमच्या ह्यांचं बाहेर काहीतरी चालू आहे, हे मला पहिल्यांदा त्यांच्या मोज्यांवरून कळलं.

एकतीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाला आपला दुसरा मोजा कधी सापडला नाही, त्याने स्वतः जाऊन पांढरे मोजे आणले, स्वतः धुतले आणि दोरीवर वाळत घातले. चिमटे लावून! वर सकाळी सहाला दाढी. (रिटायर माणसाला सहाला दाढी कशाला लागते?) कुठे निघालात विचारलं, तर म्हणे ताजी हवा खाऊन येतो. आता डोंबिवलीत राहणारा माणूस ताजी हवा खायला निघाला, तर बायकोने काय समजायचं? कारखान्यांच्या बाजूने वारा आला की आम्ही खिडक्या लावून घेतो.

थोडं मागचं सांगते. दिवाळीनंतर लेकीच्या, म्हणजे मुग्धाच्या हट्टापायी मी रक्त तपासून घेतलेलं. ती ठाण्याला वर्तकनगरला असते आणि तिथून आमच्यावर लक्ष ठेवते. साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "चालता का?"

मला वाटलं, खाण्यापिण्याचं विचारतायत. म्हटलं, "हो, मला सगळं चालतं. भात चालतो, बटाटा चालतो, गोड तर कधीही चालतं."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी पंख्याकडे. मग डॉक्टरांनी फोड करून सांगितलं की रोज पाऊण तास पायी चालायचं, गोड बंद, रात्रीचं जेवण लवकर. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, फरक नसेल तर गोळ्या, आणि त्या जन्मभर. घरी येऊन मी जाहीर केलं की त्यांचं मशीन बिघडलंय आणि मला चालायला वेळ नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलेले. माझ्या आईची नजर साखरेनेच गेली. शेवटी शेवटी ती माझा चेहरा हाताने चाचपून मला ओळखायची. ते आठवलं की मी विषय बदलते, आणि नेमका त्याच आठवड्यात ह्यांच्या मोज्यांनी मला नवा विषय दिला.

तिसऱ्या दिवशी मी पाठलाग सुरू केला. वेषांतर चोख होतं. ह्यांचीच जुनी माकडटोपी, करोनाच्या वेळचा मास्क आणि मुग्धाचे कॉलेजातले बूट. चष्मा घरी ठेवला, कारण माझा जाड भिंगाचा चष्मा आमच्या रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा लांबून ओळखतो. त्यामुळे चाळीस पावलांवरचे हे म्हणजे मला हाफ पँटखाली हलणारे दोन पांढरे ठिपके दिसायचे. पण तेवढे पुरेसे होते.

पाठलागाच्या पहिल्या दिवशी ते बागेला एक फेरी मारून सरळ घरी आले. माझा संशय बळावला. इतकं सरळ कोण वागतं? पुढच्या आठवड्यात दोन फेऱ्या झाल्या, मग तीन, मग मंदिरापर्यंत, आणि डिसेंबरात तर ते पूल ओलांडून पार पश्चिमेला! म्हटलं, बाईचं घर लांब दिसतंय. त्यातच त्यांनी भडक पिवळा टी-शर्ट घालायला सुरुवात केली. ह्या वयात! मध्येच बुटाची नाडी बांधायला थांबायचे ते दोन-दोन मिनिटं. (एका बुटाला नाड्या असतात तरी किती?) तेवढ्यात मी झाडामागे दम खाऊन घ्यायचे. परत येताना त्यांच्या आधी घर गाठायचं म्हणून मागच्या गल्लीतून जवळजवळ पळत यायचे. एवढा घाम कसला म्हणून त्यांनी विचारलं, की मी गॅसकडे बोट दाखवायचे.

रागाच्या भरात मी घरात गोड करणं बंद केलं. बाहेर गोडवा मिळतोय ना, मग घरी शिरा कशाला? चहासुद्धा बिनसाखरेचा, आणि संशय नको म्हणून मीही तोच प्यायचे. रात्रीची जेवणं साडेसातलाच उरकायला लागले, कारण त्यानंतर हे गॅलरीत जाऊन फोनवर कुजबुजायचे आणि मला तेव्हा कान मोकळे हवे असायचे.

शेवटी फेब्रुवारीत पुरावा मिळाला. चहा देताना मी मागून त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावले. हे कुणाला तरी लिहीत होते, 'आजही ती पुलापलीकडे आली. आता दमत नाही. छान दिसायला लागली आहे.'

मी कप ठेवला आणि स्वयंपाकघर गाठलं. छान! मला ह्यांनी शेवटचं छान म्हटलं ते मुग्धाच्या बारशाला, आणि तेही बहुतेक पेढ्यांना असावं. त्या दिवशी भाजी चिरताना मी रडले आणि कांद्यावर ढकललं. तीन दिवस धड जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी मुग्धाने मला रक्त द्यायला लॅबमध्ये नेलं, तेव्हाही मी नुसता हात पुढे केला. लक्ष होतं कुठे!

मग आला रविवार. हे पूल ओलांडून तिथल्या रोजच्या बागेत शिरले आणि बाकावर बसले. शेजारी एक बॉबकटवाली, गुलाबी ओढणीवाली. दोघं एका कागदावर डोकं खुपसून हसत होते. माझं डोकं फिरलं. मी मास्क ओढला, टोपी भिरकावली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोण गं तू? पोरीच्या वयाची असशील, लाज नाही वाटत?"

"पोरीच्याच वयाची आहे, आई," ती म्हणाली.

मुग्धा! केस आदल्या दिवशी कापलेले. तेवढ्यात फेरी मारणारे एक काका थांबून म्हणाले, "काकू, आज टोपी काढलीत? मी ओळखलंच नाही तुम्हाला." म्हणजे अख्ख्या बागेला ठाऊक होतं!

मुग्धाच्या हातातला कागद माझा रिपोर्ट होता. साखर खाली आलेली आणि गोळ्यांची गरज नव्हती. 'ती' म्हणजे मी, आणि तो मेसेज, गॅलरीतली ती कुजबुज, सगळं मुग्धाशीच चाललेलं. ह्यांना तिसऱ्याच दिवशी मागे स्वतःची माकडटोपी दिसलेली. मग त्यांनी रोज थोडा रस्ता वाढवला, मला दम लागला की नाडी बांधली, आणि चष्म्याशिवाय मी चुकू नये म्हणून पिवळा टी-शर्ट आणला.

"तुला नुसतं चल म्हटलं असतं, तर आली असतीस?" ह्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मग मुग्धाचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळून बघितला. चष्म्याशिवाय मी माझी पोर ओळखली नव्हती. आईचे हात आठवले आणि मला तिथेच, सगळ्या बागेसमोर, भडभडून आलं. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. तोही इस्त्रीचा होता, पण त्या दिवशी मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जोडीने फिरायला निघालो. पण छे! शेजारून चालताना माझा पायच उचलेना. दहा मिनिटांत मी बाकावर. शेवटी ठरलं की हे चाळीस पावलं पुढे आणि मी मागून, झाडाझाडाआडून. परवा डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मग, आता चालता ना रोज?"

म्हटलं, "चालते की. फक्त ह्यांचं काहीतरी चालू आहे, असं आधी वाटायला लागतं."