ओदिलची तलवार

सोलांज बूर्दँच्या फटकळ तोंडाला आमच्या ओर्लेआं गावातले पाद्रीसुद्धा वचकून असत, पण चर्चची वस्त्रं इस्त्रीला तिच्याकडेच जात. नवरा तरणाताठा गेला. त्या इस्त्रीवरच बाईनं घर चालवलं आणि ओदिलला, एकुलत्या एका लेकीला, वाढवलं.

सहाशे वर्षांपूर्वी संत झान या चिलखत घालून लढणाऱ्या पोरीनं इंग्रजांचा वेढा फोडून गाव सोडवलं, त्याची मिरवणूक आमच्याकडे दर मे महिन्यात निघते. गावातली एक पोरगी चिलखत घालून, घोड्यावर बसून झान होते. सतराव्या वर्षी तो मान ओदिलला मिळाला. झानसारखं दिसायला तिनं वेण्या कापल्या तेव्हा सोलांजनं घर डोक्यावर घेतलं, पण मिरवणुकीत बाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. रीतीप्रमाणे तलवार वर्षभर ओदिलकडे राहिली. पुढच्या मेमध्ये जुन्या झाननं ती कॅथेड्रलमध्ये नव्या झानच्या हाती द्यायची असते.

जानेवारीत ओदिलला मेंदूज्वर झाला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं.

एप्रिलमध्ये पाद्रीबाबा तलवार मागायला आले. सोलांजनं सांगितलं, मिळायची नाही, दुसरी करून घ्या. त्यांनी झानचं नाव काढलं मात्र, बाई उसळली.

"इंग्रजांनी एकोणिसाव्या वर्षी जिवंत जाळलेल्या पोरीचे गोडवे गाता. तिची आई याच गावात म्हातारी झाली ना? तिची मिरवणूक कधी काढलीत?"

पाद्रीबाबा आल्या पावली परत गेले. तलवारीचं तिला काय कौतुक असणार! पण ती दिली की ओदिलचं वर्ष संपणार होतं.

मग नवी झान, भाजीवाल्याची आर्मेल, स्वतःच आली. केस नुकतेच कापलेले, मान उघडी पडलेली. तलवारीचा विषयच तिनं काढला नाही.

"काकू, मला घोड्याची फार भीती वाटते. ओदिलला वाटायची का हो?"

सोलांजनं इस्त्री बाजूला ठेवली. मिरवणुकीच्या सकाळी ओदिल भीतीनं ओकली होती, आणि ही गोष्ट मायलेकींनी कुणाला कळू दिली नव्हती. तिनं ती आर्मेलला सांगितली. सांगता सांगता हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. आर्मेल तिच्याजवळ बसून राहिली.

ठरल्या दिवशी सोलांज कॅथेड्रलमध्ये आली. तलवार घासूनपुसून, इस्त्रीच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलेली. देताना "घे, गावाची लाज राख" एवढंच म्हणतात. तेवढं ती म्हणाली, पण तलवारीवरची तिची मूठ काही सुटेना. आर्मेलची आई मागच्या बाकावर डोळे पुसत होती. सोलांजनं तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"पुढच्या वर्षी तूच द्यायला ये. आईला पाठवू नकोस."

आणि तिनं मूठ सोडली.