बाई तीच
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला नगरच्या कॅम्पातल्या त्या आजी आठवतात. एका अमेरिकन गायिकेचे कंट्री-रॉकचे तवे, म्हणजे रेकॉर्डी, मी गोळा करत होतो. ही बाई कधी गावरान गाणी गायची, कधी ऑपेरा, गळा दर वेळी नवा. मला न मिळालेला एकच तवा आजींकडे होता. "आमचा रेकॉर्ड प्लेअर बंद पडलाय. रविवारी तुमचा आणून एकदा ऐकवा, ह्यांचा आवडता होता. मग तुमचाच," म्हणत त्यांनी तो दिला. शनिवारी पारनेरहून आलेल्या सासूबाईंना मी फोनवर ऐटीत बजावलं, "टेबलावरचा तवा सांभाळा." घरी आलो तर गच्चीवर, उन्हात, त्याची परात झालेली. "नॉनस्टिक हाय म्हनून घासला न्हाई, जावईबापू. निस्ता उकळत्या पान्यातनं काढला." रविवारी आजींकडे मी गुपचूप त्याच गायिकेचा दुसरा तवा लावला, आजींना काय कळणार? त्यांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. "बाई तीच आहे," त्या म्हणाल्या, "तवा आमचा नाही." खरं सांगायला मी परत कधी गेलो नाही. ती परात अजून माझ्या कपाटात आहे, आणि तिच्यामुळे शेजारचा एकही तवा सरळ उभा राहत नाही.