दुसऱ्या वाटेची वायर

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते. समोरच्या नेटवर्क स्विचवर दिवे लुकलुकत होते आणि आईचा आवाज कुठूनतरी लांबून येत होता... त्या दुपारचं मला एवढंच आठवतं.

मामा दिंद्रुडचा, आईचा धाकटा भाऊ. आयटीआय करून तो नेटवर्क बसवण्याच्या कामात शिरला आणि पुढे मोठमोठ्या ठिकाणची नेटवर्क स्वतः आखू लागला. त्याच्या आखणीत सगळं दोन-दोन असायचं. राउटर दोन, स्विच दोन, वायरी दोन; एक बंद पडलं तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून. एकदा गेवराईच्या एका दवाखान्यात मी त्याच्यासोबत गेले होते. तिथले डॉक्टर दोन्ही वायरी एकाच चरातून न्या म्हणत होते. मामा म्हणाला, "साहेब, एका चरातून गेल्या की त्या दोन न्हाईत, एकच हाय. जेसीबी आला की दोनीबी जात्यात." दुसरी वायर त्याने मागच्या लिंबाकडून, लांबच्या वाटेने नेली. चालू वायरीचा दिवा हिरवा असायचा; ही मात्र पहिली तुटेपर्यंत नुसती थांबून असायची, नारिंगी दिवा लावून. काम सोपवताना मालकाच्याच हाताने चालू वायर उपटायला लावायची, ही त्याची रीत. डॉक्टर बिचकले. "वढा की," मामा हसला, "मी हितं हाय तवर वढून बघा." केसपेपरच्या खिडकीतला कॉम्प्युटर जरासा अडला, मग दुसऱ्या वायरीवर चालू झाला.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. प्रत्येक गोष्ट मी मामालाच विचारायचे. मागच्या वर्षी तो मला कॉलेजात नेटवर्क शिकवणाऱ्या आमच्या मॅडमकडे घेऊन गेला, हिच्याकडे लक्ष असू द्या म्हणाला. त्यानंतर अभ्यासाचं काही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "मॅडमला इचार." जेवलीस का, एवढंच स्वतःहून विचारायचा. मी रुसले. तू असताना मॅडम कशाला, असंही म्हणाले. तो म्हणाला, "मी हाय तवरच बघून घे, पोरी."

ज्या छातीच्या दुखण्याने तो गेला, ते त्याला आधीच कळलं होतं का, कोण जाणे.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी कॉलेजला परतायला बॅग भरलीच नाही. बाबाही जा म्हणेनात. मग एका सकाळी मॅडमचा फोन आला. कधी येतेस, एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून उद्या असं निघून गेलं.

आता लॅबमध्ये गेले की कधीकधी मी एक वायर काढते. हिरवा दिवा विझतो. मी हात मांडीवर ठेवून बसते... आणि शेजारचा नारिंगी दिवा, जराशाने, हिरवा होतो.