अकरा मिनिटांची सकाळ

मला किळस येणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे, पण तिच्यात सगळ्यात वर आमच्या घरातलं एक स्टॉपवॉच आहे. ते अजून कपाटात आहे. चालतं. तेच तर वाईट आहे.

भोसरीच्या एका कारखान्यात मी ते घेऊन कामगारांच्या मागे उभा राहायचो. देशाची दारं उघडली, जपानी पाहुणे येऊन गेले आणि आमच्या साहेबांना सेकंदांची भूक लागली. कोण किती वेळात नट आवळतो, कोण मध्येच कान खाजवतो हे मी टिपायचं आणि कान खाजवणं बंद पाडायचं. मी दिसलो की कामगार मुद्दाम संथ व्हायचे. एकाने माझ्यासमोर नट आवळायला घेतला तेव्हा त्याचा मुलगा बालवाडीत होता; नट बसला तोवर पोरगा दहावी पास झाला. हे मी कमी करून सांगतोय.

त्याच सुमारास जगातल्या संगणकांना दोन हजार साल म्हणजे काय ते कळेना, म्हणून ते समजावून सांगायला बायकोच्या कंपनीने तिला तीन महिने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. मुलगी तिसरीत. सासूबाई लोणी काळभोरला, दोन म्हशी आणि सासऱ्यांचा दमा सांभाळून.

"मी येती की," सासूबाई म्हणाल्या.

"काही गरज नाही, आई. दोनशे माणसांचं खातं बघतो मी. एका मुलीचं काय!"

"बघा जावईबापू. पर नातीनं एक फोन केला की मी निघाले. तुमास्नी इचारायची न्हाई."

निघताना बायकोने मला बाजूला घेतलं. "अहो, आईला तिकडचं सगळं टाकून यावं लागलं, तर मी इथे परत येईन. अर्धं काम टाकून आले की मला पुन्हा कोणी पाठवणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

लक्षात ठेवलं. पहिल्याच सकाळी व्हॅन चुकली.

आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. शाळेची व्हॅन सहा चाळीसला यायची. ड्रायव्हर एक हॉर्न द्यायचा. दुसरा देणं त्याला पाप वाटायचं. मुलीला उठवण्यापासून दारापर्यंत मला दोन तास दहा मिनिटं लागली होती. स्कूटरवरून तिला शाळेत सोडलं, घरी आलो, स्टॉपवॉच काढलं आणि ठरवलं, ही सकाळ कापायची.

आधी डबा कापला. रविवारी पातेलंभर बटाट्याची भाजी एकदाच करून ठेवायची, शनिवारपर्यंत तीच. गुरुवारी चमचा उचलला की भाजीतून तार निघायची ती थेट आळंदीपर्यंत. कणीकही रविवारीच मळलेली. सोमवारी ती पांढरी असायची, मंगळवारी करडी आणि बुधवारी माझ्या स्कूटरच्या टायरची सख्खी बहीण. मग वेण्या. रविवारी चपचपीत तेल लावून अशा घट्ट घालायच्या की पोरीचे डोळे कपाळात जावेत. शुक्रवारपर्यंत त्यांच्यावर आळंदी रोडची इतकी धूळ बसायची की हरभरा पेरला असता तर उगवला असता.

मग आंघोळ संध्याकाळवर ढकलली. आंघोळ झाल्यावर घरचे कपडे घालायचे आणि सकाळी ते काढून गणवेश घालायचा, हे दुहेरी काम. म्हणून संध्याकाळीच गणवेश घातला. आणि गणवेश घातलाच आहे, तर मोजे का नकोत? मोज्यांवर म्हणे सहा मिनिटं जात होती! ती आपली उताणी, हात सरळ ठेवून झोपायची, इस्त्री मोडू नये म्हणून. आंघोळीनंतर ती तेच मोजे आपले आपण, ओल्या पायांवरच चढवायची; तीन दिवसांनी बदलायचे, हाही माझाच शोध.

सकाळ अकरा मिनिटांवर आली. उचल, दात, बूट, व्हॅन. मी आलेख काढून फ्रिजवर चिकटवला. आजही तो आठवला की तोंडाला आंबूस चव येते.

मुलगी मात्र स्टॉपवॉच दिसलं की कामगारांची लेक व्हायची. एकेका दाताची विचारपूस करत घासायची.

"लवकर!"

"घाई केली की काम बिघडतं, बाबा."

भोसरीत असती तर एका आठवड्यात युनियनची अध्यक्ष झाली असती.

पाचव्या आठवड्यात घरात वास सुटला. मला वाटलं, गटार. दोन दिवसांत जिन्यात फलक लागला : 'ज्यांच्या घरातून वास येत आहे, त्यांनी तो घरातच ठेवावा.' समोरच्या आजोबांनी दारात येऊन विचारलं, "काही मेलंय का आपल्याकडे? नाही, सुतक पाळायचं असेल तर तसं सांगा." मी प्लंबर बोलावला. त्याने चेंबरचं झाकण काढलं, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "साहेब, इथं तर बरं वाटतंय."

मग मी मेलेला उंदीर शोधायला सोफ्याखाली वाकलो. सोफ्यावर मुलगी गणितं सोडवत बसली होती. माझं नाक तिच्या पायांजवळ आलं आणि तिथेच थांबलं.

मी मोजा ओढला. निघेना. भाजलेल्या वांग्याची साल सोलावी तसा सोलून काढला. आत बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, चिरलेल्या, चिखल्यांनी भरलेल्या. मध्येच लालभडक मांस. मी उठून मोरीत गेलो आणि ओकलो. पोटच्या पोरीच्या पायांनी ओकारी आली मला. आणि ते पाय तसे मीच केले होते, मिनिटं वाचवत वाचवत.

बाहेर येऊन विचारलं, "दुखतंय?"

"खाजतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मोजे काढले असते तर तुमच्या अकराची सतरा झाली असती."

"शाळेत कोणी काही म्हणत नाही?"

"माझ्या बाकावर कोणी बसत नाही. ऐसपैस मिळतं."

"अगं, मग आज्जीला फोन का नाही केलास?"

तिने वही मिटली. अगदी ढ मुलाला समजावतात तशी म्हणाली, "आज्जी आली असती तर आई परत आली असती ना. तिचं काम राहिलं असतं."

ही सगळी बेरीज तिने डोक्यात केली होती. माझ्या आलेखात तिचा एक ठिपकाही नव्हता.

लोणीला फोन मी लावला.

सासूबाई दुपारी आल्या, म्हशी आणि सासरे शेजाऱ्यांवर सोपवून. उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. "गोठ्यात बी असला वास न्हाई, जावईबापू." त्यांनी भाजीचं पातेलं बाहेर नेऊन ओतलं. गल्लीतला कुत्रा आला, त्याने हुंगलं आणि तो बिऱ्हाड हलवून पुढच्या सोसायटीत राहायला गेला. डॉक्टरांनी मलम दिलं ते सासूबाईंनी लावलं, आणि बरं वाटायला लागल्यावर वर मेंदीही वाटून लावली. रोज दुपारी पोरीला तास तास पाय पसरून बसवायच्या. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायच्या, "त्याकडं काय बगताय? पायाकडं बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला हॉर्न वाजला. मुलगी गरम भाकरी खात होती, एक वेणी घालायची होती. सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "थांब रं बाबा! पोर खातीया!"

तो थांबला. पाच आठवडे माझ्यासाठी अकरा सेकंद न थांबलेला माणूस इंजिन बंद करून थांबला. तिसऱ्या दिवशी वर येऊन भाकरी खाऊन गेला.

रविवारी अमेरिकेहून फोन आला. "आईला बोलवावं नाही ना लागलं?" मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला. शेजारी सासूबाई जोरजोरात नकारार्थी मान हलवत होत्या. मुलीने रिसीव्हर घेतला. "नाही गं आई. आज्जी लोणीलाच आहे. म्हशी बऱ्या आहेत."

लोणीला सासऱ्यांना निरोप गेलाच होता : फोन आला तर 'ती गोठ्यात गेलीय' म्हणायचं. पुढचे सात आठवडे सासूबाई गोठ्यात होत्या.

बायको काम पुरं करून आली. सासूबाई आदल्याच दिवशी परतल्या होत्या. संध्याकाळी मुलगी सोफ्यावर पाय पसरून बसली, आणि बायकोला तिचे केशरी तळवे दिसले.

"अगं बाई, मेंदी कोणी लावली?"

"बाबांनी," मुलगी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बायको तळव्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नातही बघितलं नव्हतं. "केवढा वेळ दिला असेल हो तुम्ही!"

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

त्या तीन शब्दांची मला अजून शिसारी येते. मागे मात्र घेतलेले नाहीत.