वरून ओतलेलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीत खुर्च्यांपेक्षा पाट्या जास्त होत्या, आणि दुष्काळ असा की विहिरीत हाक मारली तर आवाज खोकत वर यायचा. हे मी थोडं वाढवून सांगतोय. पुढचं मात्र जसंच्या तसं.

मी नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. सातासमुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचे प्रोफेसर दुष्काळ अभ्यासायला आले आणि मी त्यांचा दुभाषी झालो. काम आवडलं तर तिकडे शिकायला नेईन, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची छत्रीसुद्धा इंग्रजीत धरायचो.

जळकोटकडच्या एका गावात विहिरीपाशी एक बौद्ध मावशी रिकामी घागर घेऊन उभी होती.

"दादा, सायबाला लिवून घ्याया सांग," ती म्हणाली. "आमाला पोहरा सोडू देत न्हाईत. सकाळधरनं उभी हाय. कुणाला दया आली तर वरून वततात."

विहिरीचे मालक शेजारीच बाजेवर बसलेले. आमचं दुपारचं जेवण त्यांच्याकडेच होतं. ते मिशीतल्या मिशीत हसले. "सांगा की मास्तर, ती काय म्हणतीया ते."

साहेबांनी पेन उघडलं. मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, इथं बाईला पाणी ओढायचे कष्ट पडू देत नाहीत. दुसरे ओढून तिच्या घागरीत ओततात."

साहेबांचे डोळे भरून आले. तेवढ्यात कुणीतरी ओतलंच. त्यांनी फोटो काढला.

दोन वर्षांनी मी त्यांच्या विद्यापीठात पोचलो. ग्रंथालयाच्या दारातच फोटोतली मावशी, माझ्याहून दुप्पट उंच: वाकलेली, घागर पुढे, वरून धार. खाली लिहिलेलं, 'दुष्काळातली माया'. पोरं तिच्यासमोर उभी राहून कॉफी प्यायची.

शेवटी धीर करून साहेबांना खरं ते सांगितलं. ते समजुतीनं हसले. "तुम्ही लोक गोष्टी रंगवता. माझ्याकडे त्याच दिवशीची नोंद आहे." वही उघडून दाखवली. खाली दुभाष्याची सही, माझीच. मला पुढं ठेवायचं की परत पाठवायचं, हे तेच ठरवणार होते. "तुमचंच बरोबर असेल," मी म्हणालो.

सुट्टीत जळकोटकडे गेलो. पावसाळे चांगले झाले होते, विहीर काठोकाठ भरलेली, आणि मावशी घागर घेऊन तिथंच उभी.

"दादा, लिवलं का वो त्येनं?"

"हाव. लिवलं."

तिनं शेजारणीकडं वळून सांगितलं, "बग. म्या म्हनलं नव्हतं का?"