धक्क्याला वीतभर कमी

धुकं असं दाट पडलं होतं की समोरच्या घराचं दार नुसतं वाजलं, दिसलं नाही. वस्तादांनी बोनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली, फडक्याला पुसली, परत घातली, परत ओढली. मग सीटमागचा लाकडी दांडा काढून चारही चाकांवर एकेक ठोका दिला. हवा आवाजावरून कळते, त्याला मीटर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मागच्या उजव्या चाकानं जरा बोदा आवाज दिला आणि तेवढ्यावर त्यांची सकाळ बिघडली.

बायको नळावरून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन आली. "वाटेतून सरका," म्हणाली. वस्ताद सरकले. बादली घ्यावी असं त्यांच्या मनात आलं नाही, आणि ते घेतील असं बायकोच्या मनात येणं कधीच बंद झालं होतं.

बावीस वर्षं त्यांनी दहा चाकी ट्रक चालवला होता. त्या धंद्याचा एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही, पण मोडत कुणी नाही: ड्रायव्हरनं मालाला हात लावायचा नाही. चढवायचं हमालांनी, उतरवायचं हमालांनी, ताडपत्री क्लीनरनं. ड्रायव्हरनं हाताची घडी घालून उभं राहायचं, फार तर "डावीकडं भार होतोय रे" एवढं म्हणायचं. एक खोकं उचललं की तो हमाल झाला आणि त्याची गाडी हातगाडी झाली. आठ वर्षांपूर्वी मालकानं ट्रक विकले, वस्तादांनी ही छोटी पिकप घेतली, आणि कायदा तिच्यातही आणून बसवला. आठ वर्षांत त्यांनी हौद्यातल्या मालाला बोट लावलं नव्हतं. घरातला सिलिंडरसुद्धा बायकोच लोळवत नेई.

लोक पिकपला टेम्पो म्हणत. ते वस्तादांना सहन होत नसे. "टेम्पो नाही, ट्रक," ते म्हणत, आणि पटलं नाही असं दिसलं की लगेच, "वाकून बघा." मग समोरच्याला खरंच वाकायला लागे. खाली पुढून मागपर्यंत गेलेले दोन लोखंडी गर्डर ते दांड्यानं वाजवून दाखवत. कार असते ती एका पत्र्याचा डबा. हिचा हौदा उद्या उचलून बाजूला ठेवा, नुसत्या हाडावर गाडी पळेल. हाड ज्याचं वेगळं, तो ट्रक. मुलीचं लग्न ठरायला आलेल्या व्याह्यांनाही त्यांनी इस्त्रीच्या पँटीत वाकवलं होतं. व्याही गुडघ्याला धरून उठले आणि म्हणाले, "आहे बुवा ट्रक." मुलगी अजून माहेरी आली की आधी त्याच गोष्टीवरून बापाला टोचते.

गोदामाचा मॅनेजर मात्र वाकायला तयार नव्हता.

फरशा आणि बेसिनांच्या एका मोठ्या गोदामाचं काम वस्तादांकडं होतं. कायमचं असं तेवढं एकच. गोदामाला माल चढवायचा सिमेंटचा लांब ओटा होता, त्याला सगळे धक्का म्हणत. मोठे ट्रक मागे येऊन धक्क्याला टेकले की हमाल ढकलगाडी थेट हौद्यात नेत. वस्तादांची पिकप वीतभर खाली राही. तिथं हमालांना ढकलगाडी सोडून एकेक खोकं वाकून खाली द्यावं लागे. त्यातच गेल्या महिन्यात एका हमालाची कंबर धरली, तो अजून अंथरुणात होता. मग मॅनेजरनं नियम काढला: जी गाडी धक्क्याला बरोबर लागेल तिलाच शनिवारपासून रांगेत नंबर, बाकीच्यांनी दुसरं काम बघावं.

वस्ताद त्याला हाडाबद्दल सांगायला गेले.

"वस्ताद, मला खाली बघायला सांगू नका," मॅनेजर म्हणाला. "मला वर बघायचंय. धक्क्याला लागली तर ट्रक."

रांगेतले दहा चाकीवाले हसले. त्यातला एकजण, ज्याला वस्तादांनीच गियर टाकायला शिकवलं होतं, म्हणाला की वस्ताद, बाळाला जरा पाटावर उभं करा.

वस्ताद तिथून तडक मेहुण्याकडं गेले. मेहुणा कमानपाट्यांचं काम करी. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची जी चळत असते, भार आला की दबणारी, ती ठीक करणं हाच त्याचा धंदा. वस्तादांनी सांगितलं, दोन्हीकडं तीन-तीन पाटे वाढव, खाली ठोकळे घाल, वीतभर वर आली पाहिजे.

मेहुण्यानं गाडीखालून डोकंही काढलं नाही. "दाजी, ही बसायला केलीय. भार आला की बसते, खड्डा आला की वाकते, म्हणून माल सुखरूप जातो. तुम्ही तिला ताठ केलीत तर ती तुमच्यासारखी होईल."

"म्हणजे कशी?"

"कुणासमोर वाकणार नाही आणि आतलं सगळं फोडील."

वस्तादांनी बायकोचा भाऊ म्हणून सोडतो, असं काहीसं पुटपुटून काम करूनच घेतलं. दोन दिवस गेले. पिकप मागून उचललेली, पुढं नाक खाली केलेली, काहीतरी हुंगत चालल्यासारखी दिसू लागली. बायकोनं ती बघितली आणि भांडी घासायला आत गेली.

शनिवारी गेटवाल्यानं काठी लावून मोजलं. हौदा धक्क्याला अगदी लागला. गाडीला नंबर मिळाला, सतरा. हमाल ढकलगाडी घेऊन थेट आत आले, बारा खोकी फरशी आणि एक बेसिन ठेवून गेले. वस्ताद हाताची घडी घालून दहा चाकीवाल्यांच्या ओळीत उभे होते. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिथं कुणी "सरका" म्हटलं नाही.

माल एका रिटायर नर्सबाईंकडं न्यायचा होता. नवऱ्याला जिना चढवत नव्हता म्हणून त्या खालच्या खोलीला लागून न्हाणीघर बांधत होत्या. रस्त्यात सात गतिरोधक लागले. एरवी ते वस्तादांच्या गावीही नसत. आज प्रत्येकावर गाडी मागून उडाली आणि दाणकन आपटली. रिकाम्या पिंपात वाटी टाकावी तसा आवाज मागून येत राहिला. तिसऱ्या गतिरोधकानंतर वस्तादांनी गाडी पार चालण्याच्या वेगानं घेतली, मागचे हॉर्न ऐकून न ऐकल्यासारखे केले. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे ठेवून ती गल्लीत शिरली आणि बाईंच्या दारात थांबली.

वस्तादांनी हौद्याचा मागचा फाळका पाडला आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. गवंड्यानं पहिलं खोकं उचललं. ते खुळखुळलं. त्यानं दुसरं हलवून बघितलं, तेही. बारातली सात फुटली होती आणि बेसिनला तळापासून काठापर्यंत केसासारखी चीर गेली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. आयुष्यभर आजाऱ्यांशी बोललेल्या माणसाचा आवाज तो. "मागच्या महिन्यात माझ्या जावेकडं फरशी आणलीत ती तुम्हीच ना? तेव्हा एक टवका उडाला नव्हता. तो टेम्पो कुठं गेला?"

"हीच गाडी," वस्ताद म्हणाले. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "ट्रक आहे."

"मग गोदामात सांगते, मला तो टेम्पोच पाठवा. यांना आज बारा दिवस झाले, मी खुर्चीवर बसवून अंघोळ घालते." पायरीवर बसलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

फुटकी खोकी परत हौद्यात ठेवायची होती. गवंडी आतल्या कामाला लागला होता, बाई नवऱ्याला उठवत होत्या. वस्ताद घडी घालून उभेच राहिले, शेवटी गवंड्यानंच बाहेर येऊन ती चढवली.

मेहुण्यानं जादाचे पाटे काढले तेव्हा एक शब्द बोलला नाही. हे वस्तादांना जास्त लागलं. शेवटी तेच म्हणाले, "बोल की. पोटात ठेवू नकोस."

"काय बोलू? हाड तुमचं ट्रकचंच आहे, दाजी. अंग छोटं आहे. त्यात तिची काही चूक नाही."

सोमवारी पिकप परत वीतभर खाली होती. गेटवाल्यानं सतरा नंबरावर रेघ मारली. दहा चाकीवाल्यांनी वाट करून दिली, बाहेर जायची.

वस्ताद बाहेर गेले नाहीत. मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, नंबर नको. हमालही नको. सगळ्या गाड्या निघाल्या की शेवटी मला धक्का द्या. माल मी उतरवून घेईन.

मॅनेजरनं पहिल्यांदा नीट वर बघितलं. "तुम्ही?"

"मी."

"कंबर धरली तर माझ्याकडं यायचं नाही."

"नाही येणार."

दुपारी दीडला धक्का मोकळा झाला. हमाल ढकलगाड्या काठाशी लावून डबे उघडून बसले. वस्तादांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, परत उलगडल्या, परत दुमडल्या. मग धक्क्यावर चढले, पहिलं खोकं छातीशी घेतलं आणि पाय चाचपत हौद्यात उतरले. वजन त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघालं. तीस वर्षं ते लांबूनच "उचल रे" म्हणत आले होते. बसलेल्यांपैकी एक वयस्क हमाल घास गिळून म्हणाला, "वस्ताद, कमरेतून नाही. गुडघ्यातून."

वस्तादांच्या तोंडावर शिवी आली होती. त्यांनी ती गिळली आणि गुडघ्यातून उचललं. नवव्या खोक्याला बोट चिरडलं. त्या शिकवलेल्या पोरानं जाता जाता ट्रकमधून पाहिलं आणि या वेळी काही म्हटलं नाही. त्याचा वस्तादांना संतापच आला. हसला असता तर बरं झालं असतं.

नर्सबाईंचं नवं बेसिन त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं, भोवती स्वतःची सीटवरची गोधडी गुंडाळली. गल्लीत गाडी शिरली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"आला का टेम्पो," त्या म्हणाल्या.

वस्तादांनी त्यांना वाकायला सांगितलं नाही. त्यांना स्वतःलाच वाकता येत नव्हतं. फाळका पाडून त्यांनी पहिलं खोकं पुढं ओढलं.

घरी आल्यावर बायकोनं त्यांचं चालणं बघितलं, काळं पडलेलं बोट बघितलं, आणि पाणी तापत ठेवलं. कमरेला शेक घ्या, पडून राहा, म्हणाली. वस्ताद म्हणाले, हौद्यात फरशीचा चुरा पडलाय, रात्री दवानं भिजला तर पत्र्याला चिकटून बसेल. मग ते बादली घेऊन नळावर गेले. रांगेत पुढं दोघी होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि आपली पाळी येईपर्यंत पायानं ती पुढं सरकवत राहिले.